कॅनमधला शुक्राचार्य

मराठीत 'झारीतला शुक्राचार्य' असा एक वाक्प्रचार आहे. बळीराजा वामनाला दान द्यायला निघाला. दानाचे उदक हातावर सोडायचे, तर झारीतून पाणीच येईना. कारण हे दान होऊ नये म्हणून राजाचे गुरू शुक्राचार्य बारीक रूप घेऊन तोटीत जाऊन बसले होते. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे मोठेपणी कचेरीतली आपली फाइल महिनोन्महिने हलली नाही, की तिथल्या एखाद्या माणसाला आपण हेच नाव देतो. आज मला बोलायचे आहे ते कचेरीबद्दल नाही, खऱ्याखुऱ्या झारीबद्दल. म्हणजे आजकालच्या प्लॅस्टिकच्या पेट्रोलच्या कॅनबद्दल.

ही हकीकत मुख्यतः अमेरिकेतली. तिथे पुष्कळ घरांना पुढेमागे हिरवळ असते आणि ती कापायला पेट्रोलवर चालणारे यंत्र. थंड मुलखात बर्फ बाजूला सारायचे यंत्र, वादळात वीज गेली तर जनरेटर, तळ्याकाठी राहणाऱ्याची छोटी मोटरबोट. या सगळ्यांसाठी गॅरेजमध्ये एक लाल प्लॅस्टिकचा कॅन ठेवलेला असतो. पूर्वी तो तिरपा केला की पेट्रोल सरळ धारेने टाकीत पडे. २००९ नंतर जे कॅन बाजारात आले, त्यांनी मात्र लोकांना जेरीस आणले. कॅन तिरपा केला तर काही येत नाही. तोटीवरची कळ दाबली तर चार थेंब येतात, थांबतात, आणि मग एकदम भसकन उसळी येऊन पेट्रोल यंत्रावर, बुटांवर आणि हिरवळीवर. शेवटी वैतागून अनेकांनी ड्रिल हाती घेतले आणि कॅनच्या पाठीला सरळ भोक पाडले. भोक पडल्याबरोबर धार सुरू! पण या भोकाने एक प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो. तो कसा, ते समजून घ्यायचे तर आधी साध्या बाटलीतून पाणी कसे पडते, ते पाहावे लागेल.

उर्दू आणि फारसी कवितेत 'कुलकुल' असा एक गोड शब्द आहे. सुरईतून पेल्यात मद्य ओतताना होणारा आवाज म्हणजे कुलकुल. मराठीत आपण त्याला 'बुडबुड' म्हणतो. शायरांनी या आवाजावर जीव टाकला, कुणाला त्यात सुरईचे हसूही ऐकू आले. पण तो आवाज खरे तर मद्याचा नाही. तो आत शिरणाऱ्या हवेचा आहे. सुरईची मान अरुंद. त्या एकाच वाटेने मद्याला बाहेर यायचे असते आणि त्याच वाटेने हवेला आत जायचे असते. मग दोघांची पाळी लागते. थोडे मद्य बाहेर, मग हवेचा एक बुडबुडा आत, पुन्हा थोडे मद्य बाहेर. आपली एसटी डोळ्यांसमोर आणा. दार एकच. उतरणारे आतून रेटतात, चढणारे बाहेरून रेटतात, आणि कंडक्टर ओरडत असतो, "आधी उतरू द्या!" तशीच ही गत.

पण हवेने आत जायलाच हवे, असा हट्ट कशासाठी? बाटलीत पाण्याच्या वर जी जागा दिसते ती रिकामी नसते, तिथे हवा असते. पाणी बाहेर पडू लागले की त्या हवेला जास्त जागा मिळते, ती विरळ होते आणि तिचा दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब मात्र होता तेवढाच असतो. तो तोंडाशी उभा राहून पाण्याला आत ढकलतो. आतला दाब पुरेसा घटला की पाणी जागच्या जागी थांबते. ते सुटायचे तर बाहेरची थोडी हवा आत गेली पाहिजे.

हा सगळा खेळ किती थोडक्यात होतो, याचा हिशेब करून पाहिला तर नवल वाटते. आपल्या अंगावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो इतका हवेचा दाब असतो. उलट, कॅनमध्ये पेट्रोल २० सेंटिमीटर उंच भरलेले असेल, तर त्याचा स्वतःचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५ ग्रॅम भरतो. कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. म्हणजे आतल्या हवेचा दाब अवघा दीड टक्का कमी झाला, की पेट्रोलचे सगळे बळ संपले. आता समजा, कॅनमध्ये पेट्रोलच्या वर ५ लिटर हवा आहे. तिचा दाब दीड टक्का उतरायला किती पेट्रोल बाहेर यावे लागेल? सुमारे ७५ मिलिलिटर. एक कटिंग चहा! तेवढे आले की धार बंद. प्रत्यक्षात प्लॅस्टिकचे अंग थोडे आत ओढले जाते आणि पेट्रोलची वाफही थोडी भर घालते, त्यामुळे आकडा पुढेमागे होईल. पण गोष्ट तीच. कॅनचे पोट आत ओढलेले दिसले, की समजावे, बिचारा श्वास घ्यायला धडपडतो आहे.

हे शास्त्र आपल्या घरांना कुणी शिकवायला आले नाही. ते आपल्या हातांना ठाऊकच होते. गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा फोडताना किराणा दुकानदार एका कोपऱ्याला भोक पाडतो आणि समोरच्या कोपऱ्याला दुसरे. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा जाते. चहाच्या किटलीच्या झाकणाला बारीक छिद्र असते, तेही याचसाठी. आमच्या घरांत वजू करायला तोटीचा लोटा असतो, त्याला बधना म्हणतात. त्याचे वरचे तोंड उघडे आणि पाणी तोटीतून. शेवटच्या थेंबापर्यंत धार सारखी, मध्ये हिसका नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या नावाने प्रसिद्ध असलेल्या तीन भावांनी करामतीच्या यंत्रांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातली कितीतरी भांडी लोकांना चकवण्यासाठी आहेत, आणि हवेचे भोक बोटाने मिटले की धार थांबते, हे त्या चकव्यांमागचे एक गुपित. थोडक्यात, ज्याला काही बाहेर द्यायचे आहे, त्याला आत काही घेण्याची वाटही ठेवावी लागते. भांडी घडवणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते.

इंधनाच्या भांड्यांत हे ओळखणारा एक नामी कॅन १९३७ च्या सुमारास जर्मनीत तयार झाला. श्वेल्म गावच्या म्युलर कंपनीत तो घडला आणि त्याचे श्रेय तिथले मुख्य अभियंते विन्झेंझ ग्र्यूनफोगेल यांना दिले जाते. पत्र्याचा, २० लिटरचा. वर एक सोडून तीन मुठी, म्हणजे भरलेला कॅन दोघांना मिळून उचलता येतो आणि रिकामे असतील तर एका हातात दोन मावतात. झाकण फिरवायचे नाही, खटका दाबून उघडायचे. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तोंडाच्या आत हवेची एक बारीक नळी. ती वरच्या हवेच्या पोकळीपर्यंत पोचते. कॅन ओतला की पेट्रोल तोंडातून बाहेर आणि हवा नळीतून आत. दोघांच्या वाटा वेगळ्या, भांडण नाही.

या कॅनच्या प्रवासात हिंदुस्थानही येतो. १९३९ मध्ये पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकन अभियंता एका जर्मन सोबत्याबरोबर मोटारीने बर्लिनहून कलकत्त्याला निघाला होता. वाटेत पाणी ठेवायला भांडी हवीत म्हणून जर्मन सोबत्याने बर्लिनच्या विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन कॅन आणले, असे सांगतात. प्लाइस कलकत्त्याला पोचला, मायदेशी परतला आणि आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना या कॅनचे गुण सांगू लागला. सुरुवातीला कुणी मनावर घेतले नाही. तिकडे आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौज चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून पेट्रोल नेत होती. आपल्याकडे घासलेट यायचे, त्याच जातीचा डबा. तो वाटेतच चेपायचा, गळायचा, आणि पुष्कळ पेट्रोल आघाडीवर पोचण्याआधीच वाळूत जिरायचे. मग ब्रिटिश सैनिक शत्रूचे कॅन हाती लागले की जपून ठेवू लागले. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत, म्हणून हा 'जेरीकॅन'. पुढे ब्रिटन आणि अमेरिकेनेही तो उचलला. मराठीतल्या 'जेरीस आणणे'शी या जेरीचे काही नाते नाही. ते काम पुढच्या पिढीच्या कॅनने केले.

युद्धानंतरच्या काळात अमेरिकेत घरगुती वापरासाठी प्लॅस्टिकचे कॅन आले. हलके, न गंजणारे, स्वस्त. त्यांची रचनाही साधी. पुढे तोटी आणि पाठीमागे हवेसाठी एक छोटे बूच. ओतताना बूच उघडायचे, काम झाले की लावायचे. सोय उत्तम. दोष एवढाच, की माणूस दुसरी गोष्ट करायला विसरतो. तोटीचे झाकण हरवले तर चिंधी कोंबायची, पाठचे बूच उघडेच राहायचे. आणि पेट्रोल हा स्वस्थ बसणारा पदार्थ नाही. ते सारखे उडत असते. उन्हाळ्यात गॅरेज तापले की वाफ जास्त, आणि ती उघड्या बुचातून बाहेर. त्यातून प्लॅस्टिकलाही पेट्रोलची थोडी ओढ असते. साध्या प्लॅस्टिकच्या भिंतीतून पेट्रोलचे कण हळूहळू झिरपत राहतात. भांडे गळत नाही, तरी आतले कमी होते.

एका घरच्या कॅनमधून असे कितीसे जाणार? पण कॅन कोट्यवधी घरांत असले, की थेंबे थेंबे तळे साचते, तेही हवेत. पेट्रोलची वाफ, वाहनांच्या धुरातली द्रव्ये आणि ऊन एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. शहरांवर धुरकट पडदा पसरतो, दमेकऱ्यांना श्वास घेणे कठीण होते. पेट्रोलमध्ये बेंझीनही असते, आणि बेंझीनने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. धुरक्याने गांजलेल्या कॅलिफोर्निया राज्याने म्हणून प्रथम या कॅनकडे लक्ष वळवले. तिथले नियम २००१ पासून लागू झाले. त्यानंतर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये साऱ्या देशासाठी नियम केला आणि १ जानेवारी २००९ पासून तयार होणाऱ्या कॅनना तो बंधनकारक झाला. दर गॅलनमागे, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरमागे, दिवसाला ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ बाहेर जाता कामा नये, आणि तोटी हात सोडताच आपोआप मिटली पाहिजे. त्याच सुमारास मुलांना सहज उघडता येणार नाही असे झाकण सक्तीचे करणारा वेगळा कायदाही झाला.

हेतूत खोट काढायला जागा नाही. पण कारखानदारांनी सगळ्यात सोपा मार्ग धरला. कॅनला जितकी तोंडे जास्त तितक्या वाफेच्या वाटा जास्त. तेव्हा पाठचे बूच काढून टाकले. उरले एकच तोंड, त्यात स्प्रिंगची झडप, झडपेला कळ, कळीला मुलांसाठी अडसर. पेट्रोल जाणार त्याच तोंडातून आणि हवा येणार तीही तिथूनच. पुन्हा एसटीचे एकच दार! भरीला ते स्प्रिंगचे. आता २० लिटरचा कॅन, म्हणजे पंधरा-सोळा किलोचे ओझे, एका हाताने तोलायचे, दुसऱ्या हाताने कळ दाबून धरायची आणि तोटी टाकीच्या तोंडात नेमकी बसवायची. म्हाताऱ्या माणसाने, संधिवाताने बोटे आखडलेल्या बाईने काय करावे? हात थरथरला की पेट्रोल बाहेर. म्हणजे वाफ वाचवायला निघालो आणि पेट्रोल सांडून बसलो. टाकी भरताच धार आपोआप थांबवणाऱ्या तोट्यांचा नियम कॅलिफोर्नियाला पुढे सैल करावा लागला, तो अशाच तक्रारींमुळे.

आता त्या घरगुती भोकाकडे येऊ. लोक कॅनच्या पाठीला, मुठीजवळ भोक पाडतात आणि त्यात एखादे छोटे बूच किंवा टायरमध्ये हवा भरायचा व्हॉल्व्ह बसवतात. ओतताना उघडायचे, मग बंद करायचे. धारेपुरते पाहिले तर हे बरोबर आहे. दुकानदार तेलाच्या डब्याला दुसरे भोक पाडतो, तेच हे. पण गोडेतेल आणि पेट्रोल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गोडेतेल तापवल्याशिवाय पेट घेत नाही. घासलेटच्या वाफेला पेटायला साधारण ३८ अंश किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही ठिणगीने पेटू शकते. आपल्या हवेत तर ते कायमच तयारीत असते. ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि दूरच्या शेगडीची किंवा गीझरची ज्योत गाठते.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. काठोकाठ भरलेल्या कॅनपेक्षा 'रिकामा' कॅन जास्त धोक्याचा. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असेल तरच पेट घेते. भरल्या कॅनमध्ये वाफ इतकी दाट असते, की पेटायला पुरेशी हवाच नसते. तळाशी चमचाभर उरलेल्या किंवा बराच वेळ उघड्या राहिलेल्या कॅनमध्ये मात्र ते प्रमाण नेमके जमू शकते. आणि भोक पाडायला लोक घेतात तो कॅन रिकामाच असतो! विजेच्या ड्रिलमध्ये ठिणग्या उडत असतात. शिवाय हाताने बसवलेले बूच प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसेलच असे नाही. कॅन आडवा झाला, गाडीच्या डिकीत हिंदकळला, उन्हात फुगला, की तिथून गळती सुरू. म्हणून पेट्रोलच्या कॅनला घरी भोक पाडू नये, असे मी स्पष्टच सांगतो.

आगीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. चुलीवर किंवा शेकोटीवर कुणी कॅनमधून पेट्रोल शिंपडले, तर ज्वाला त्या वाफेवरून मागे येऊन कॅनमध्ये शिरू शकते, आणि मग आतली आग तोंडातून पिचकारीसारखी बाहेर येते. अशा अपघातांत माणसे होरपळली, खटले झाले. ओक्लाहोमा राज्यातली ब्लिट्झ ही अमेरिकेतली सर्वात मोठी कॅन बनवणारी कंपनी या खटल्यांच्या ओझ्याखाली २०१२ मध्ये बंद पडली. उपाय तसा जुना होता. तोंडात बारीक जाळी बसवली की ज्वाला तिच्या छिद्रांतून जाताना थंड होते आणि आत पोचत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत यासाठी कायदा झाला आणि २०२३ च्या जुलैपासून नव्या कॅनना अशी ज्योतरोधक सोय सक्तीची झाली. आता काही लोक भरताना अडथळा होतो म्हणून ही जाळीच उपटून काढतात. झारीतला शुक्राचार्य समजून पहारेकऱ्यालाच हाकलण्याचा हा प्रकार.

मग भोक न पाडता धार सरळ कशी करायची? युक्त्या साध्या आहेत. पहिली, कॅन काठोकाठ भरू नये. वर थोडी हवा असेल तर सुरुवात सुरळीत होते आणि उन्हात फुगायलाही जागा राहते. दुसरी, ओतण्यापूर्वी, आगीपासून दूर, झाकण हळूच सैल करून आतला दाब मोकळा करावा. भसकन उसळी येते ती पुष्कळदा या कोंडलेल्या दाबाने. तिसरी, तोंड एका कडेला असलेला कॅन असेल तर ओतताना ते तोंड वरच्या बाजूला राहील असा धरावा. आपण नेमके उलटे करतो, तोंड खाली ठेवतो. तोंड वर राहिले की पेट्रोल तोंडाच्या खालच्या अर्ध्या भागातून वाहते आणि वरच्या अर्ध्यातून हवा आत जाते. इंजिन ऑइलचा किंवा गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन असा धरून बघा, बुडबुड बंद होईल. चौथी, कॅन एकदम उपडा करू नये, हळूहळू तिरपा करावा, म्हणजे तोटी पूर्ण भरत नाही. पाचवी, मोठ्या कॅनऐवजी पाच लिटरचा घ्यावा आणि रुंद तोंडाचे नरसाळे वापरावे. हात थरथरणार नाही.

सगळ्यात उत्तम म्हणजे कॅन उचलूच नये. तो उंचावर ठेवावा आणि हाताने चालवायच्या छोट्या पंपाने नळीतून पेट्रोल खाली उतरवावे. टोकाला पितळी झडप असलेली एक नळीही मिळते. ती पेट्रोलमध्ये बुडवून चार वेळा खालीवर हलवली, की धार आपली आपण सुरू होते. यात कॅनचे तोंड उघडे असते, त्यामुळे हवेचा प्रश्नच येत नाही. पण आपल्याकडे नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची जी सवय आहे, ती जिवावरची आहे. पेट्रोल घोटभर पोटात जाण्यापेक्षा थोडेसे फुप्फुसात जाणे जास्त वाईट. इंजिन गरम असताना टाकी भरू नये, आणि कॅन भरताना तो गाडीत न ठेवता जमिनीवर ठेवावा. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगी पुरते.

हे झाले अमेरिकेचे. आपण मात्र एका बाबतीत त्यांच्याही पुढे आहोत! आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत बाळगता येते, पण ते काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात, घट्ट बूच लावून. काच किंवा चिनी माती असेल तर भांडे १ लिटरपर्यंत, धातू असेल तर २५ लिटरपर्यंत. या यादीत प्लॅस्टिक नाही. आणि आपण? आपण पाण्याच्या टाकाऊ बाटलीत पेट्रोल घेतो, तिला धड झाकणही नसते आणि ती स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवतो. आता आपल्याकडेही गवत कापायची यंत्रे, पेट्रोलवरचे फवारणी पंप, छोटे जनरेटर गावोगाव पोचले आहेत. शेताच्या बांधावर बसून पंपात पेट्रोल ओतणाऱ्या माणसाला हा सगळा विषय परका नाही. त्याने निदान एवढे तरी करावे, हवेच्या नळीचा धातूचा कॅन वापरावा, सावलीत ठेवावा आणि ओतताना विडी विझवावी.

अमेरिकेच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लोकांचा हा त्रास जाहीरपणे मान्य केला आणि कॅनला हवेची वाट ठेवा, असे कारखानदारांना आवाहन केले. मूळ नियम हवेच्या वाटेला आडकाठी करत नव्हता. ती वाट एरवी बंद राहील आणि ओतताना उघडेल अशी झडप बसवली, की वाफही कोंडून राहते आणि धारही चालते. अशा झडपा बनवता येतात, काही कंपन्यांनी बनवल्याही आहेत. फक्त त्यासाठी नियम लिहिणाऱ्याने आणि कॅन घडवणाऱ्याने, कॅन उचलून ओतणाऱ्याच्या जागी एकदा उभे राहायला हवे होते. ते झाले नाही, म्हणून घराघरांतून ड्रिल निघाले. सुरक्षितता माणसाला सतत छळू लागली, की माणूस पहिल्यांदा तिलाच निकामी करतो. मग नियम कागदावर उरतो आणि धोका घरात.

बळीच्या गोष्टीत वामनाने दर्भाची काडी तोटीत खुपसली आणि पाणी मोकळे झाले. पण आत बसलेल्या शुक्राचार्यांचा डोळा गेला, हे आपण सांगताना बहुधा गाळतो. कॅनला भोक पाडण्यापूर्वी तेवढे आठवावे. त्यापेक्षा पुढच्या वेळी कॅन विकत घेताना दुकानदाराला विचारावे, "यातून हवा आत कुठून जाते?" उत्तर देता आले नाही, तर दुसरा कॅन दाखवायला सांगावे.